ओसरलेल्या पाण्यातील होडी

नांदगाव खंडेश्वरच्या टेकडीवर खंडेश्वराचे मंदिर आहे. यादवकाळातले, काळ्या दगडाचे, आपण ज्याला सरसकट 'हेमाडपंती' म्हणतो त्या घडणीचे. लहानपणी उन्हाळ्याच्या सुटीत आम्ही मुले तेथे जाऊन बसत असू. बाहेर वऱ्हाडातले ऊन रणरणत असले तरी आत गारवा असे. चुना न वापरता एकावर एक बसवलेले ते दगड बोटांनी चाचपून पाहण्याची मला खोडच होती.

पुढे अनेक वर्षांनी तशीच घडण मला एका अगदी वेगळ्या ठिकाणी पाहायला मिळाली. तीही होडीत बसून, उजनी धरणाच्या जलाशयात. पुणे जिल्ह्याच्या इंदापूर तालुक्यातील पळसदेव हे गाव पूर्वी भीमेच्या काठी होते. १९८० साली पूर्ण झालेल्या उजनी धरणामुळे जुने गाव बुडाले आणि पुणे-सोलापूर रस्त्यालगत नव्याने वसले. पळसनाथाचे मंदिर मात्र जागीच राहिले. चांगल्या पावसाच्या वर्षी ते पाण्यात असते. दुष्काळी उन्हाळ्यात पाणी फार ओसरले की मंदिर आणि आसपासचे वीरगळ उघडे पडतात. मग लोक होडीने, आणि पाणी आणखी मागे हटले तर चिखल तुडवत पायीच, ते पाहायला जातात. २०२४ च्या उन्हाळ्यातही असेच झाले.

मी गेलो तेव्हा आमच्या नावाड्याने होडी मंदिराच्या दिशेने सरळ न नेता चांगला मोठा वळसा घातला. मोकळे पाणी समोर दिसत असताना हा वळसा कशासाठी, असे मी विचारले. खाली जुन्या विहिरीचे बांधकाम आहे, पलीकडे घरांच्या भिंती आहेत आणि बाभळींचे बुंधे आहेत. पाणी भरलेले असताना त्यांवरून खुशाल जाता येते, आता होडी अडकेल, असे त्याने सांगितले. म्हणजे तो नुसती होडी हाकत नव्हता. बुडालेल्या गावाचा नकाशा त्याच्या डोक्यात होता, आणि आजच्या पाण्याच्या पातळीनुसार तो त्यातली वाट निवडत होता.

त्या वळशाने मला विचारात पाडले. तळे म्हटले की आपल्या मनात एक ठरावीक काठ आणि ठरावीक खोली असते. प्रत्यक्षात पाणी ओसरलेले तळे हे एक वेगळेच तळे असते. हे विसरल्यामुळे इतिहाससंशोधक फसले आहेत, आणि सामान्य माणसाची फसगत तर रोजच होते.

आधी आपली फसगत पाहू. उन्हाळ्यात वर्तमानपत्रात बातमी येते : 'उजनी उणे ५० टक्के'. वर्गात एखादा चौकस विद्यार्थी विचारतोच, "सर, पाणी उणे कसे असेल?" प्रश्न रास्त आहे. उजनीची एकूण साठवणक्षमता सुमारे ११७ टीएमसी, म्हणजे ११७ अब्ज घनफूट आहे. त्यातील ५३.५७ टीएमसी हा उपयुक्त साठा आणि उरलेला ६३.६६ टीएमसी हा मृतसाठा. बातमीतली टक्केवारी फक्त उपयुक्त साठ्याची असते. पाणी मृतसाठ्याच्या पातळीवर आले की शून्य टक्के. त्याखाली उपसा, बाष्पीभवन आणि सोलापूरच्या पिण्यासाठी नदीत सोडलेले पाणी यांमुळे साठा आणखी घटला की आकडा उणे होतो.

आता हे गणित फळ्यावर मांडा. उणे ५० टक्के म्हणजे मृतसाठ्यातून ५३.५७ च्या निम्मे, म्हणजे २६.७९ टीएमसी गेले. उरले ३६.८७ टीएमसी. पुण्याला पाणी पुरवणारी खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर ही चारही धरणे काठोकाठ भरली तरी त्यांचा उपयुक्त साठा सुमारे २९ टीएमसी होतो. उजनीच्या तळाशी साठलेला गाळ आपल्या उत्तरातून वजा करायला हवा, हे खरे. तरीही बातमीत 'उणे' असलेला हा जलाशय म्हणजे डबके नव्हे.

दुसरे गणित याहून बोलके आहे. पूर्ण भरलेल्या जलाशयाची पातळी समुद्रसपाटीपासून ४९६.८३ मीटर आणि मृतसाठ्याची ४९१.०३ मीटर. फरक अवघा ५.८ मीटर, म्हणजे साधारण दोन मजल्यांच्या घराइतका. एवढ्याशा जाडीच्या थरात १५१.७ कोटी घनमीटर पाणी मावते. भागाकार केला की सरासरी क्षेत्रफळ येते सुमारे २६० चौरस किलोमीटर. म्हणजे हे पाणी एखाद्या अफाट परातीसारखे पसरलेले आहे. शंभर मीटरला एक मीटर इतका उतार असलेल्या काठावर पातळी एक मीटर खाली गेली की काठ शंभर मीटर मागे सरकतो. म्हणूनच उन्हाळ्यात डोळ्यांना 'सगळे आटले' असे वाटते. भिगवणच्या बाजूला रोहित पक्षी याच ओसरत्या पाण्यावर जगतात. चोच उलटी बुडवून, पाणी गाळून अन्न मिळवणाऱ्या या लांब पायांच्या पक्ष्याला उथळ दलदल लागते. तुडुंब भरलेले धरण त्याच्या फारसे कामाचे नाही.

पण परातीच्या मध्यातून एक खोल घळ जाते : भीमेचे जुने पात्र. पाणी ओसरते तेव्हा आधी कडेचा उथळ भाग नाहीसा होतो. शेवटी जे उरते तेच सर्वांत खोल असते. आणि जलाशय ओलांडणाऱ्या होडीला ही घळ चुकवता येत नाही.

ही गोष्ट केवळ गणितापुरती नाही. धरणाने भीमेच्या दोन काठांवरची गावे एकमेकांपासून तोडली. करमाळा तालुक्यातील कुगाव आणि इंदापूर तालुक्यातील कळाशी ही त्यांपैकीच. रस्त्याने फार मोठा वळसा पडतो, म्हणून लोक होडीने ये-जा करत आले आहेत. २१ मे २०२४ रोजी संध्याकाळी कुगावहून कळाशीकडे निघालेली प्रवासी होडी वादळी वाऱ्यात उलटली. एक जण पोहून काठाला लागला. सहा जण बुडाले. त्यांत लहान मुलेही होती. त्या दिवसांत उजनीचा आकडा उणे ५० टक्क्यांच्याही खाली होता.

पाणी कमी होते म्हणून अपघात झाला, असे मला म्हणायचे नाही. पाणी कमी असल्याने कोणी वाचले नाही, एवढेच ध्यानात घ्यायचे. वळवाच्या ढगातून पडणारा पाऊस खालच्या कोरड्या हवेत वाटेतच बाष्प होऊ लागतो. बाष्पीभवनाला लागणारी उष्णता हवेतूनच घेतली जाते, हवा थंड आणि जड होते, वेगाने खाली कोसळते आणि जमिनीला टेकताच चहूकडे पसरते. पाऊस दूर दिसत असतानाच जोराचा वारा येऊन थडकतो तो यामुळे. उघड्या पाण्यावर तो काही मिनिटांत लाटा उठवतो. पाण्याची खोली लाटेच्या लांबीच्या निम्म्याहून कमी असेल तेथे लाटेला तळ जाणवू लागतो. ती मंदावते आणि जास्त उभी होते. मधल्या घळीत बुडण्याइतकी खोली आणि कडेला उभ्या लाटा, असा हा दुहेरी धोका. काठ पाण्याच्या जेमतेम वर असलेल्या भरगच्च होडीला तो पेलत नाही. अंगावर जीवरक्षक जाकीट हवे आणि दुपारनंतर ढग चढू लागले की होडी काढायची नाही, हे नियम धरण 'उणे' असतानाही तितकेच लागू असतात.

आता संशोधकांची फसगत पाहू. तिची सुरुवात एका शाळामास्तरापासून होते. १८५३-५४ च्या हिवाळ्यात स्वित्झर्लंडमधील झुरिक सरोवराचे पाणी कधी नव्हे इतके खाली गेले. ओबरमायलेन गावचे लोक उघड्या पडलेल्या काठावर बांध घालून जमीन मिळवू लागले. चिखल खणताना त्यांना ओळीने रोवलेले लाकडी खांब, दगडी हत्यारे आणि हरणांची शिंगे सापडू लागली. कोणी ती फेकून दिली असती. पण गावच्या शाळेतील शिक्षक योहानेस एप्ली यांना हे काहीतरी वेगळे आहे असे वाटले आणि त्यांनी झुरिकच्या पुरातत्त्व मंडळाला कळवले. मंडळाचे अध्यक्ष फेर्डिनांड केलर यांनी पाहणी करून १८५४ सालीच निबंध प्रसिद्ध केला. आल्प्सच्या परिसरातील अश्मयुगीन आणि कांस्ययुगीन वस्त्यांचा एक नवा अध्याय त्यातून उघडला. अशा १११ स्थळांचा २०११ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला.

खांब आज पाण्यात आहेत, त्या अर्थी माणसे पाण्यावर मचाण बांधून त्यावर राहत असली पाहिजेत, असा केलर यांचा तर्क होता. तो इतका चित्तवेधक होता की शंभर वर्षे पाठ्यपुस्तकांतून पाण्यावरच्या खेड्यांची चित्रे छापली गेली. विसाव्या शतकाच्या मध्यास नव्या उत्खननांतून वेगळेच दिसू लागले. बरीच घरे ओलसर काठावर, जमिनीवरच होती. काही, पुराचे पाणी येईल म्हणून, खांबांवर उचललेली होती. घरे बांधली तेव्हा सरोवराची पातळी खाली होती, नंतर ती चढली. खांब हलले नव्हते, काठ हलला होता. आज दिसणारी पातळी केलर यांनी कायमची मानली, तेथेच चूक झाली. आणि गंमत अशी की ज्या अवर्षणाने त्यांच्या हाती पुरावा दिला, त्यानेच पातळी बदलते हेही सांगितले होते!

ओसरलेले पाणी जसे दाखवते तसे नासवतेही. १९८६ साली दुष्काळात गालिली समुद्र या नावाच्या गोड्या सरोवराचे पाणी घटले आणि चिखलात सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची, आठ मीटरहून थोडी लांब होडी सापडली. चिखलात हवा पोचत नसल्याने ती टिकली होती. उघडी पडताच लाकूड वाळून आक्रसले असते. म्हणून ती ओली ठेवूनच हलवली गेली, आणि पॉलिएथिलीन ग्लायकॉल हे मेणासारखे रसायन अनेक वर्षे तिच्यात मुरवावे लागले.

पळसनाथाच्या मंदिरालाही खरा त्रास आहे तो भिजण्या-वाळण्याच्या फेऱ्यांचा. खालचा घडीव काळा दगड पाणी फारच थोडे शोषतो. विटा-चुन्याच्या शिखराचे तसे नाही. वर्गात एक वीट आणि काळ्या दगडाचा एक तुकडा कोरडे असताना तोला, चोवीस तास पाण्यात ठेवून, पुसून पुन्हा तोला. साध्या विटेचे वजन वीस टक्क्यांपर्यंत वाढलेले चालते, असे भारतीय मानक सांगते. दगडाचा फरक साध्या तराजूवर जेमतेम कळेल. पाण्याबरोबर क्षार आत जातात, वाळताना त्यांचे स्फटिक होतात आणि पृष्ठभाग सुटतो. त्यात लाटांचा मारा. मंदिर वर आले की आपल्याला दर्शनाचा आनंद होतो. विटेला मात्र प्रत्येक उन्हाळा झिजवून जातो.

एप्लीमास्तरांनी काही शोधून काढले नाही. त्यांनी पाहिले आणि वेळेवर कळवले. पाणी चढले की पुरावा पुन्हा झाकला जातो. आपल्या गावच्या तलावाच्या पायरीवर किंवा विहिरीच्या काठावर एक कायमची खूण करा. दर महिन्याच्या एक तारखेला पाणी त्या खुणेपासून किती खाली आहे ते विद्यार्थ्यांकडून, सुरक्षित जागेवरून, दोरी सोडून मोजून घ्या आणि वहीत तारखेसह लिहून ठेवा. ओसरलेल्या काठावर जुने बांधकाम वा कोरीव दगड दिसला तर न हलवता छायाचित्र घ्या, त्या दिवसाची पातळी टिपा आणि पुरातत्त्व विभागाला कळवा.

नांदगावची टेकडी पाण्याखाली गेली नाही, म्हणून खंडेश्वराच्या सांध्यांवर आजही बोट फिरवता येते. पळसदेवला तेच बोट फिरवायला होडी लागते, दुष्काळ लागतो, आणि खाली काय आहे ते ठाऊक असलेला नावाडी लागतो.