उजवीकडचे स्टीअरिंग

नईममधल्या आमच्या घराच्या पोर्चमध्ये १९६३ सालची एक मॉरिस मायनर दोन वर्षे लाकडी ठोकळ्यांवर उभी आहे. बघायला येणारा प्रत्येकजण आधी एकच विचारतो, स्टीअरिंग उजवीकडे कसे?

उत्तर बहारीनच्या इतिहासात आहे. ब्रिटिशांच्या संरक्षणाखालच्या या बेटांवर नोव्हेंबर १९६७पर्यंत वाहने आपल्याकडच्यासारखी डाव्या बाजूने चालत. शेजारच्या सौदीत मात्र उजव्या. मग बहारीनने बाजू बदलली. दोन देशांना जोडणारा किंग फहद पूल व्हायला तेव्हा अजून एकोणीस वर्षे अवकाश होता. आणखी एक गंमत अशी, की १९६५च्या ऑक्टोबरात दिनार येईपर्यंत इथे रुपया चाले. १९५९पासून आखातासाठी वेगळ्या रंगाच्या भारतीय नोटा काढल्या गेल्या, त्या आपल्या नाशिकच्या छापखान्यातल्या. तेव्हा माझी मॉरिस कुणीतरी रुपये मोजूनच घेतली असणार.

या गाडीला वेगळी चासी नाही. भार सगळा पत्र्याच्या सांगाड्यावर, आणि दारांखालच्या पोकळ पट्ट्या हा त्याचा कणा. खाऱ्या, दमट हवेने नेमक्या त्याच आतून खाल्ल्या होत्या. रंग खरवडला तर बोटभर लांबी निघाली. तिच्याखाली पत्रा म्हणावा असा उरलाच नव्हता. कुजका भाग कापण्याआधी दाराच्या चौकटीत आडव्या सळ्या वेल्ड करून घ्यायच्या असतात, नाहीतर गाडी मधोमध बसते. मी त्या लावल्या नाहीत. इंजिनिअरिंगची डॉक्टरेट असून! डावे दार अर्धा इंच उतरले. नवी पट्टी पुन्हा कापावी लागली, तीन महिने गेले.

मदतीला येणारे रत्नागिरीचे डेंटर म्हणाले, "साहेब, सगळं उघडंच आहे, तर स्टीअरिंगही डावीकडे घेऊन टाका." सल्ला वाईट नव्हता. या मॉडेलचा स्पीडोमीटर डॅशबोर्डच्या मधोमध असतो आणि डाव्या स्टीअरिंगच्या मायनरही कारखान्यातून निघतच. रात्रभर विचार केला आणि नको म्हटले. १९६७च्या त्या नोव्हेंबरात हेच चाक धरून कुणीतरी पहिल्यांदा उलट्या बाजूने, जीव मुठीत धरून गेला असेल. ते चाक हलवायला मन होईना.

ओव्हरटेक करताना डावीकडे बसलेल्या सौभाग्यवतींना विचारावे लागेल, समोरून कोणी येते का. त्यांची अट एवढीच, आधी ते दार नीट लागू दे.