सिडनहॅममधले सोळा महिने

“नोकरीत मन लागत नाही आणि जे करायचंय त्याला वेळ उरत नाही.” चळवळीतल्या तरुणांकडून हे सतत ऐकतो. त्यावर बाबासाहेबांच्या अठरा तास अभ्यासाचा दाखला देऊन पोरांना गप्प करायची आपल्याकडे सवय आहे. मला ती पटत नाही. दाखला द्यायचाच तर पूर्ण द्या.

१९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि बाबासाहेबांना लंडनचं शिक्षण अर्धवट सोडून परतावं लागलं. चार वर्षांच्या आत ते पुन्हा सुरू करण्याची परवानगी तेवढी हातात होती. बडोद्याच्या नोकरीत शिपाई फायली लांबून फेकत. राहायला जागा मिळेना. ती सुटली. नोव्हेंबर १९१८ मध्ये मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात ते अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. पगार ४५० रुपये, त्या काळी चांगलाच. तरीही प्राध्यापकांसाठी ठेवलेल्या भांड्यातलं पाणी ते पितात म्हणून काही सहकाऱ्यांनी आक्षेप घेतलाच!

या नोकरीत त्यांनी समाधान शोधलं नाही. लंडनसाठी पैसा जमवायचा, एवढंच तिचं काम. राहणं परळच्या बीआयटी चाळीतच. ३१ जानेवारी १९२० ला ‘मूकनायक’ सुरू झालं तेव्हा ते सरकारी नोकरीत होते, म्हणून संपादक म्हणून पांडुरंग भटकरांचं नाव लागलं. नोकरीने बांधलेला हात सहकाऱ्याने सोडवला, तो असा. मार्च १९२० मध्ये राजीनामा. एकूण सोळा महिने.

आता दाखल्याचा गाळला जाणारा भाग. साठवलेला पैसा पुरला नाही. मित्र नवल भथेना यांनी पाच हजार रुपये उसने दिले, शाहू महाराजांनीही मदत केली. आणि पैसा साठला कसा? रमाईंनी काटकसरीत घर चालवलं म्हणून. साहेब जुलैमध्ये बोटीने गेले, त्यानंतरही चाळीतला संसार त्यांनीच ओढला. १९२१ ची एम.एस्सी. आणि १९२३ ची डी.एस्सी. या पदव्यांमागे तिचेही तास आहेत, ते आपण मोजत नाही.

म्हणून बारा तासांची ड्युटी करून आलेल्या पोराला “वेळ काढ” म्हणणाऱ्या आपल्या वक्त्यांना माझा प्रश्न आहे: त्याला उसने पाच हजार द्यायला तुमच्यापैकी कोण तयार आहे? आणि त्याच्या बहिणीलाही स्पर्धा परीक्षा द्यायची असेल, तर त्या दिवशी घरातली भांडी कोण घासणार?