आग आणि इमारतीची पारख

'आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी' ही म्हण श्रोत्यांच्या परिचयाची आहे. परंतु बंब अगदी आगीच्या दारात येऊन उभा राहिला, तरीही काम फसू शकते. पाणी कोठे मारावयाचे, आत कोणी जावयाचे आणि कोणत्या क्षणी बाहेर पडावयाचे, हे केवळ ज्वाळांकडे पाहून कळत नाही. त्यासाठी इमारत ओळखावी लागते. ही ओळख आपल्या प्रांताला फार मोठी किंमत देऊन झाली आहे. तिचाच थोडा इतिहास आज सांगावयाचा आहे.

पहिला धडा शेजाराचा. 17 फेब्रुवारी 1803 रोजी मुंबईच्या कोटात आग लागली. तटाच्या आत घरांची दाटी होती. एका घराची आग दुसऱ्याने उचलली आणि कोटाच्या उत्तर भागातील मोठी वस्ती भस्मसात झाली. त्यानंतर तटाबाहेरचे मैदान रुंद करण्यात आले व लोकांनी बाहेर वस्ती करावी ह्यास उत्तेजन मिळाले. जळणारे घर पाहण्याबरोबरच पुढे कोणते घर जळेल हेही पाहिले पाहिजे, हे तेव्हा पटले.

दुसरा धडा पोटातल्या मालाचा. 14 एप्रिल 1944 रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकीन' ह्या जहाजावर आग लागली. जहाजात कापसाच्या गासड्या होत्या आणि सुमारे 1,400 टन दारूगोळाही होता. बंबवाले पाणी मारीत असतानाच दुपारी चारच्या सुमारास पहिला स्फोट झाला, आणि अर्ध्या तासानंतर दुसरा. अग्निशमन दलाचे 66 जवान कामी आले. त्यांच्या स्मरणार्थ 14 एप्रिल हा दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळतात. ते जहाज होते, इमारत नव्हे. परंतु आत काय भरले आहे हा प्रश्न गोदामालाही तितकाच लागू पडतो.

तिसरा धडा सांगाड्याचा. तो समजण्यासाठी आमच्या नगर जिल्ह्यातील जुना वाडा डोळ्यांपुढे आणावा. दगडविटांच्या भिंती, सागवानी खांब व तुळया, आणि वर मातीचे धाबे. जाड तुळई पेटली की तिचा बाहेरचा थर कोळसा होतो व आतला गाभा काही काळ भार पेलतो. माती मात्र पाणी पिते. मिनिटाला 500 लिटर पाणी फेकणारी नळी दहा मिनिटांत पाच टन पाणी ओतते. ते वाहून गेले नाही, तर तो सारा भार अर्धवट जळालेल्या लाकडावर येतो. आग विझत आली असे वाटत असतानाच छत खाली येण्याचे हे एक कारण होय. उलट नव्या गोदामातील उघडे पोलाद जळत नाही, म्हणून मनुष्य निर्धास्त राहतो. परंतु सुमारे 550 ते 600 अंश सेल्सिअस उष्णतेत त्याचे जवळजवळ निम्मे बळ जाते आणि छप्पर लवते.

9 मे 2015 रोजी मुंबईत काळबादेवीच्या गोकुळ निवास ह्या जुन्या लाकडी बांधणीच्या इमारतीत हेच संकट ओढवले. रहिवासी वाचले, परंतु इमारत कोसळली. दलाचे प्रमुख सुनील नेसरीकर, तसेच सुधीर अमीन, संजय राणे आणि महेंद्र देसाई हे चार अधिकारी ह्या दुर्घटनेत प्राणास मुकले.

म्हणून जाणता अधिकारी प्रथम शक्य तर इमारतीभोवती फेरी मारतो. भिंतीला फुगवटा वा नवी भेग आहे काय, विटांच्या सांध्यांतून धूर येतो काय, हे तो पाहतो. बंद खोलीच्या फटींतून काळा धूर श्वासासारखा आतबाहेर होत असेल, तर दार एकदम उघडीत नाही. कारण वारा मिळताच कोंडलेली आग भडकून बाहेर झेपावते. भिंत ढासळण्याचा संभव दिसला, तर तिच्या उंचीच्या निदान दीडपट अंतरावर माणसे मागे घेतो.

चौथा धडा आतल्या जिवांचा, आणि तो आमच्याच शहरात घडला. 6 नोव्हेंबर 2021 रोजी नगरच्या जिल्हा रुग्णालयातील कोविडच्या अतिदक्षता विभागात आग लागली. तेथील 17 रुग्णांपैकी 11 जणांनी त्या दिवशी प्राण गमावले. आगीत ज्वाळेपेक्षा धूर अधिक माणसे मारतो. आणि ज्याला खाटेवरून उठताही येत नाही, तो धुरापासून पळणार कसा? अशा ठिकाणी बाहेर पडण्याच्या वाटा किती, खाट दारातून जाते काय, प्राणवायूचा पुरवठा कोठून बंद होतो, ह्यांची उत्तरे आग लागण्यापूर्वीच तयार हवीत.

महाराष्ट्राच्या 2006 च्या अग्निप्रतिबंधक कायद्याने ही जबाबदारी इमारतीच्या मालकावर व भोगवटादारावर ठेवली आहे. तेथील अग्निसुरक्षेची साधने सुस्थितीत असल्याचे प्रमाणपत्र दरवर्षी जानेवारीत आणि जुलैत द्यावयाचे असते. शहर आता अहिल्यानगर झाले आहे. नाव बदलले तरी त्या अकरा जणांचे ऋण राहतेच. आपल्या इमारतीचा जिना मोकळा आहे काय, गच्चीची किल्ली कोणापाशी असते, वरच्या मजल्यावर कोणी अंथरुणाला खिळलेले आहे काय, एवढे तरी प्रत्येक कुटुंबाने आजच पाहून ठेवावे. आलेल्या अधिकाऱ्याला फेरी मारावयास दोनचार मिनिटेच मिळतात. त्याच्या प्रश्नांना दाराशीच नेमके उत्तर देणारा कोणी भेटला, तर त्यातील एखादे मिनिट एखाद्या जिवासाठी वाचेल.