राजमार्ग आणि गाडीतळ

रस्ता हा जाण्यायेण्यासाठीं असतो, ठाण मांडण्यासाठीं नव्हे, हें तत्त्व तोंडानें सर्वांस मान्य असतें. परंतु स्वतःची गाडी उभी करतांना तें स्मरणारे थोडे. दारासमोर परक्याची गाडी उभी राहिली, अर्ज केला, आणि अधिकाऱ्यांनीं कांहींच केलें नाहीं, ही रहिवाशाची तक्रार मोटारीबरोबर जन्मास आली असा सामान्य समज आहे. इतिहास पाहूं गेल्यास तो समज टिकत नाहीं. इतकेंच नव्हे, तर या तक्रारीचें निवारण कोठें अडतें, हेंही इतिहासच दाखवितो.

पुरातन उदाहरण म्हणून असीरियाचा राजा सेनाखेरिब (इ. स. पूर्वीं ७०५ ते ६८१) याच्या लेखाचा दाखला पुष्कळदां देण्यांत येतो. निनवे नगरींतील राजमार्गास अडथळा करणाऱ्यास सुळीं देण्याची धमकी त्यांत आहे, म्हणून तो 'येथें गाडी उभी करूं नये' असा जगांतील पहिला फलक होय, असें सांगतात. हें यथार्थ नव्हे. जो आपलें घर पुढें सरकवून राजमार्ग अरुंद करील, त्याला त्याच्याच घरावर सुळीं द्यावें, असा त्या लेखाचा आशय आहे. गाड्यांचा त्याशीं संबंध नाहीं. गाड्यांचा बंदोबस्त पाहावयाचा तर रोमकडे वळावें लागतें. इ. स. पूर्वीं ४५ च्या सुमारास तेथील कायद्यानें सूर्योदयापासून दिवसाच्या दहाव्या तासापर्यंत नगरांत गाड्या आणण्यास, कांहीं अपवाद सोडून, मनाई केली होती.

आपल्या इकडे कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत या विषयाचा विचार अधिक सूक्ष्म आहे. माणसें व लहान जनावरें यांची वाट रोखणाऱ्यास १२ पण आणि मोठ्या जनावरांची वाट रोखणाऱ्यास २४ पण दंड त्यांत सांगितला आहे. गांवची अथवा स्मशानाची वाट अडविल्यास तो २०० पणांवर जातो, आणि राष्ट्रांतील मोठ्या मार्गाच्या बाबतींत १,००० पणांपर्यंत चढतो. दंडाचें माप येथें अडविणाऱ्याच्या प्रतिष्ठेवरून न ठरवितां अडलेल्यांच्या हानीवरून ठरविलें आहे, आणि गांवची वाट व स्मशानाची वाट एकाच पंक्तीस बसविल्या आहेत, या दोन्ही गोष्टी ध्यानांत ठेवण्यासारख्या आहेत.

आधुनिक कायद्याचें मूळ शोधावयाचें तर १८१२ सालच्या लंडनांतील एका खटल्याकडे जावें लागतें. चेअरिंग क्रॉस येथें एका मालकाच्या घोडागाड्या उतारूंची वाट पाहत पाऊण पाऊण तास रस्त्यांत उभ्या राहत. राजमार्ग हा कोणाच्या तबेल्याचें अंगण नव्हे, असा निर्वाळा न्यायमूर्ति लॉर्ड एलेनबरो यांनीं दिला. उतारू घेण्यापुरतें थांबणें क्षम्य. त्याहून अधिक काळ ठाण मांडणें हा सार्वजनिक उपद्रव होय, असा त्याचा मथितार्थ. हीच दृष्टि १८६० च्या भारतीय दंडविधानाच्या २८३ व्या कलमांत दिसते. त्यांत रस्ता अडविणाऱ्यास २०० रुपयांपर्यंत दंड ठेवला होता, आणि तो आंकडा एकशें साठांहून अधिक वर्षें तसाच राहिला. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता अंमलांत आली, तेव्हां २८५ व्या कलमानें ही मर्यादा ५,००० रुपयांवर गेली.

कायदा होता, मग तक्रार कां उरली? पुण्याचा इतिहास याचें उत्तर देतो. पेशवाईंत शहराचा बंदोबस्त कोतवालाकडे असे. बाजारभावांवर देखरेख, तंट्यांचे निवाडे, रात्रीची गस्त, हें सारें एका हातीं. तक्रार कोठें न्यावी याविषयीं रहिवाशास संशय नव्हता. परंतु असा सर्वाधिकारी माथेफिरू निघाला तर काय होतें, हें १७९१ सालीं घाशीराम कोतवालाच्या कैदेंत गुदमरून मेलेल्या ब्राह्मणांनीं दाखवून दिलें. पुढें इंग्रजी अमदानींत, १८५७ सालीं, पुण्यास नगरपालिका स्थापन झाली, आणि रस्ता पालिकेचा, रस्त्यावरील शिस्त पोलिसांची, अशी वांटणी रूढ झाली. या वांटणीनें घाशीरामाचें भय गेलें, हा मोठाच लाभ होय. पण त्याबरोबर 'हें काम आमच्याकडे येत नाहीं' हें उत्तरही जन्मास आलें.

बैलगाडीच्या काळीं या उणिवेची झळ फारशी लागली नाहीं, कारण गाड्या सोडण्यासाठीं गाडीतळाची निराळी जागा असे. हडपसरचा गाडीतळ आजही त्याच नांवानें ओळखला जातो. मोटारी वाढल्या, तळ मात्र त्या मानानें वाढले नाहींत. पुणें महानगरपालिकेनें २०१८ सालीं वाहनतळाचें धोरण संमत केलें, तेंही विरोधामुळें प्रथम पांच रस्त्यांपुरतें प्रायोगिक ठेवावें लागलें.

शहराची ही अडचण आतां डोंगरांतील गांवांपर्यंत पोहोंचली आहे. वेल्ह्याहून केळदकडे जातांना पासली लागते, आणि केळदच्या पुढें मढे घाट. सिंहगडावर १६७० सालीं पडलेल्या तानाजी मालुसऱ्यांचें शव याच घाटानें उमरठ्यास नेलें, अशी परंपरा सांगते. पावसाळ्यांत सुटीच्या दिवशीं घाटांतील धबधबा पाहण्यास शहरांतील मंडळी याच मार्गानें येतात. त्यांनीं यावें, सह्याद्रि कोणाच्या एकट्याच्या मालकीचा नाहीं. परंतु अशा अरुंद रस्त्याच्या कडेस मोटारींची रांग लागली, म्हणजे एस. टी. अडते, आणि दवाखान्यास निघालेला रोगीही अडतो. शहरांत एक रस्ता बंद झाला तर दुसरा सांपडतो. डोंगरांतील गांवास बहुधा तो एकच असतो.

अशा गांवच्या रहिवाशानें कोणाकडे जावें? १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाचें ५३ वें कलम सार्वजनिक रस्त्यांवरील अडथळे दूर करण्याचा अधिकार पंचायतीस देतें. पण त्यांतील मूळ दंड ५० रुपयांपर्यंत, आणि पंचायतीपाशीं गाडी ओढून नेण्याचें साधन कोठून असणार? १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें १२७ वें कलम गाडी हलविण्याचा अधिकार देतें, तो पोलिसांस. आणि पोलिस प्रत्येक वळणावर उभा राहूं शकत नाहीं. याच कायद्याचें ११७ वें कलम मात्र सहसा कोणी वाचीत नाहीं. गाड्या उभ्या करण्याच्या जागा सरकारनें अथवा त्यानें नेमलेल्या अधिकाऱ्यानें, स्थानिक संस्थेशीं विचारविनिमय करून, ठरवाव्यात, अशी तरतूद त्यांत आहे. दोन अधिकाऱ्यांनीं एकत्र बसावें, ही अपेक्षा कायद्यांतच लिहिलेली आहे.

म्हणून रहिवाशाच्या अर्जांत केवळ दंडाची मागणी असून भागणार नाहीं, असें आम्हांस वाटतें. अमुक जागीं तळ ठरवा, तेथें फलक लावा, आणि त्यानंतर जो रस्ता अडवील त्यास दंड करा, अशी क्रमवार मागणी ग्रामपंचायत व पोलिस या दोघांपुढें एकाच वेळीं ठेवली पाहिजे. तळ न देतां केलेला दंड पाहुण्यास जुलूम वाटतो. तळ देऊन न केलेला दंड गांवावर जुलूम होतो. कोतवालाचा एकहातीं अंमल पुन्हां कोणास नको आहे. परंतु त्याच्या जागीं आलेल्या दोन हातांनीं एकमेकांकडे बोट दाखविण्याऐवजीं एक काम मिळून करावें, एवढी अपेक्षा आडगांवच्या रहिवाशानें केली, तर ती अवास्तव कशी म्हणावी?