खिडकी नेमकी कुणाची?

विमानात दिवसाढवळ्या अंधार करण्याची रीत झोपेपेक्षा सिनेमाने जास्त रुजवली. १९ जुलै १९६१ रोजी ‘टीडब्ल्यूए’ या अमेरिकी विमान कंपनीने न्यूयॉर्क–लॉस एंजेलिस विमानात पहिल्या वर्गाच्या प्रवाशांना अभिनेत्री लाना टर्नरचा ‘बाय लव्ह पझेस्ड’ हा सिनेमा दाखवला. थिएटरांच्या धंद्यातले डेव्हिड फ्लेक्सर यांनी त्यासाठी १६ मिलिमीटरचा खास प्रोजेक्टर तयार करवून घेतला होता. अख्खा चित्रपट एकाच भल्यामोठ्या रिळावर! अडचण एकच. ढगांच्या वर ऊन लख्ख असतं आणि एका खिडकीतून तिरीप आली, तरी स्क्रीनवरचं चित्र फिकं पडतं.

त्याआधी डीसी-३ सारख्या विमानांत खिडकीला कापडी पडदा असे. तो सारायचा की नाही, हे शेजारी बसलेला ठरवी. सिनेमा आला आणि एकाची खिडकी साऱ्या केबिनची झाली. जेवणं उरकली की झडपा खाली घेण्याची सूचना होऊ लागली.

१९८८ मध्ये नॉर्थवेस्ट एअरलाइन्सने काही बोइंग ७४७ विमानांत खुर्चीच्या पाठीला छोटे स्क्रीन बसवून पाहिले. पुढे ते सर्रास झाले. या स्क्रीनला अंधार लागत नाही, पण रीत काही गेली नाही. मुंबईहून सकाळी लंडनला निघालेलं विमान सूर्याबरोबरच पश्चिमेकडे सरकतं, म्हणून दिवस लांबतच जातो. अशा वेळी कुणी झडप बोटभर जरी वर केली, तरी उन्हाचा पट्टा पलीकडच्या रांगेत झोपलेल्याच्या थेट डोळ्यांवर.

बोइंग ७८७ ने झडपच काढून टाकली. २६ ऑक्टोबर २०११ रोजी ‘ऑल निप्पॉन एअरवेज’ने हे विमान टोकियो–हाँगकाँग मार्गावर पहिल्यांदा प्रवाशांसह उडवलं, पुढच्याच वर्षी ते एअर इंडियाकडे आलं. त्याच्या खिडकीत जेल असतं. बटण दाबलं की विजेमुळे ते हळूहळू गडद निळं होतं. बटण प्रवाशाच्या हाताशी असलं, तरी केबिन क्रू सगळ्या खिडक्या एकदम काळोख्या करू शकतो. तक्रारी दोन्हीकडून येतात: बाहेर बघणाऱ्याला निळसर जग दिसतं, आणि सूर्य समोर आला की झोपणाऱ्याला तो काचेतूनही खुपतो.

उड्डाण आणि उतरण्याच्या वेळी मात्र अनेक कंपन्या झडपा उघड्या ठेवायला सांगतात. आग कुठल्या बाजूला आहे, कुठल्या दाराने बाहेर पडायचं, हे आतून कळावं म्हणून. रात्री केबिनचे दिवे मंद करतात तेही याचसाठी. डोळे अंधाराला सरावलेले बरे. पण खिडकीतून नुसतं दिसून भागत नाही. ८ जानेवारी १९८९ रोजी इंग्लंडमधल्या केगवर्थजवळ पडलेल्या बोइंग ७३७ चं डावं इंजिन बिघडलं होतं आणि वैमानिकांनी उजवं बंद केलं. डावीकडच्या ज्वाळा मागच्या प्रवाशांना खिडकीतून दिसल्या होत्या, पण ते कॉकपिटपर्यंत पोचलं नाही. ४७ जण दगावले.

मे २०२५ मध्ये भारतात उलटी सूचना निघाली. संरक्षण दलांच्या विमानतळांवर, विशेषतः पश्चिम सीमेजवळ, १० हजार फुटांखाली झडपा बंद ठेवा, असं नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने (डीजीसीए) बजावलं. आपत्कालीन दारांलगतच्या खिडक्या तेवढ्या त्यातून वगळल्या होत्या.