सासष्टीच्या ओव्या आणि १६८४चा हुकूम

१/ इ. स. १६८४. गोव्याच्या पोर्तुगीज व्हाइसरॉयने हुकूम काढला : प्रजेने आपली देशी भाषा सोडावी आणि तीन वर्षांत पोर्तुगीज शिकून तीच बोलावी. याच गोव्यात ६८ वर्षांपूर्वी एका ख्रिस्ती धर्मगुरूने सुमारे अकरा हजार मराठी ओव्यांचा ग्रंथ छापला होता. एकच धर्म, एकच सत्ता; मग भाषेविषयी इतकी टोकाची भूमिका का? वाचा हा धागा.

२/ त्या ग्रंथाचा कर्ता थॉमस स्टीफन्स, एक इंग्रज जेझुइट. तो १५७९ मध्ये गोव्यात आला आणि पुढची चाळीस वर्षे, मृत्यूपर्यंत, इथेच राहिला. त्यातला बराच काळ सासष्टीत गेला. १५८३ मध्ये भावाला लिहिलेल्या पत्रात त्याने इथल्या भाषांचे ग्रीक व लॅटिनशी असलेले साम्य नोंदवले. विल्यम जोन्सचे प्रसिद्ध व्याख्यान त्यानंतर दोनशे वर्षांनी झाले.

३/ सासष्टीतली देवळे १५६७ मध्ये पाडली गेली होती. बाटलेल्या लोकांना जुनी पुराणे वाचण्यास बंदी होती. स्टीफन्सच्या ग्रंथातच एक नवख्रिस्ती ब्राह्मण ही व्यथा मांडतो : आमची पुराणे तुम्ही काढून घेतलीत, तर त्यांच्या तोडीचे दुसरे पुराण आम्हांला का देत नाही?

४/ त्याचे उत्तर म्हणजे १६१६ मध्ये रायतूर येथे छापलेले ‘क्रिस्तपुराण’. लिपी रोमन, भाषा कोंकणी शब्दांची जोड असलेली मराठी, छंद ज्ञानेश्वर-एकनाथांचा ओवीचा. कथा बायबलची, पण त्यातल्या स्वर्गाचे नाव वैकुंठ! धर्म बदललेल्या माणसाला आपल्या कानाचे वळण बदलावे लागले नाही.

५/ १६४९ आणि १६५४ मध्ये ग्रंथाच्या आणखी आवृत्त्या निघाल्या. चर्चमध्ये या ओव्या गायल्या जात. ख्रिस्ती असणे आणि या मातीचे असणे यांत विरोध नाही, हे त्या गायनातून रुजत होते.

६/ मग १६८३ उजाडले. फोंड्याच्या वेढ्यात व्हाइसरॉय कोंद द आल्व्होर याला छत्रपती संभाजीराजांपुढे माघार घ्यावी लागली. मराठ्यांनी जुवे बेट घेतले, त्यांच्या फौजा सासष्टी-बारदेशात शिरल्या. मोगल चालून आल्याने गोवा बचावला. त्यानंतर काही महिन्यांतच, २७ जून १६८४ रोजी, याच व्हाइसरॉयने तो भाषाविषयक हुकूम काढला.

७/ हुकूम पूर्णपणे यशस्वी झाला नाही. अंगणात, शेतात, पाळण्याशी कोंकणीच राहिली. पण तो पूर्णपणे फसलाही नाही. शिक्षण, कारभार आणि प्रतिष्ठा पोर्तुगीजकडे गेली. जी भाषा लोक बोलत होते, तिच्यात लिहिण्या-वाचण्याची सवय मात्र तुटत गेली. भाषेवरचा खरा घाव तिथे बसतो. बोली मरत नाही, पण तिच्यातून स्वतःविषयी लिहिण्याचा आत्मविश्वास जातो.

८/ ‘क्रिस्तपुराणा’च्या त्या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज ज्ञात नाही. ग्रंथ तरला तो हस्तलिखितांतून. गोवा सोडून कानडा मुलखात गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी त्याच्या नकला जपल्या. त्यांच्याच आधारे १९०७ मध्ये मंगळुरात तो पुन्हा छापला गेला. देवनागरीत तो १९५६ मध्ये आला.

९/ छापखान्यातून निघालेली पुस्तके नाहीशी झाली. विस्थापितांनी हाताने उतरवलेल्या प्रती उरल्या. भाषा समाजाला ओळख देते हे खरे, पण ती ओळख टिकते ती कुणीतरी रात्री दिव्याच्या उजेडात नक्कल उतरवत बसते म्हणून. तुमच्या घरात आजीच्या हातची एखादी वही असेल, तर ती आज उघडून पाहा.

#इतिहास #गोवा #मराठी