प्लेगचे वर्ष आणि गिरणी कामगाराची ‘अस्थिरता’

मुंबईच्या गिरणी कामगारांविषयी मालकवर्गाची एक तक्रार फार जुनी आहे. कामगार अस्थिर आहे, आज या गिरणीत तर उद्या त्या गिरणीत. म्हणून त्याचे उत्पादन कमी आणि मजुरीही बेताची, असे सांगितले जाई. हे विधान तपासण्यास १८९६-९७ चे प्लेगचे वर्ष उपयोगी पडते.

एरवी पगार महिन्याने मिळे, तोही पुढच्या महिन्याचे बरेच दिवस उलटल्यावर. सूचना न देता काम सोडल्यास शिल्लक पगार बुडे. थोडक्यात, कामगाराचीच मजुरी त्याच्या पायातील बेडी होती. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत प्लेग प्रकट झाला आणि काही महिन्यांत जवळजवळ निम्मे शहर रिकामे झाले. कोकण व घाटावरचे कामगार गावी गेले. जे उरले, ते उद्याचा भरवसा नसताना महिनाभर पगाराची वाट पाहण्यास तयार होईनात. त्यांनी रोजची मजुरी रोज मागितली आणि ती द्यावी लागली. नाक्यानाक्यावर मजुरांसाठी गिरण्यांची अक्षरशः बोली लागली. साथ ओसरताच मालकांनी जुनी पद्धत परत आणली. त्यावरून १८९७ मध्ये संपही झाले. त्या काळात कामगाराचे कौशल्य काही वाढले नव्हते. वाढली होती ती गिरणी बदलण्याची मोकळीक.

उत्पादनाचा प्रश्न थोडा वेगळा आहे. विणकराला नगावर मजुरी मिळे. सूत निकृष्ट असले की धागा वारंवार तुटे, माग थांबे आणि कमाई घटे. मदनपुऱ्यातील मुस्लिम विणकर असो वा गिरणगावातील मराठी साचेवाला, चांगले सूत मिळेल तिकडे त्याची नजर असणे स्वाभाविकच होते. याला चंचलपणा म्हणणे अन्यायाचे आहे. दुसरीकडे खरी अस्थिरता गिरणीच्या दारातच पोसली जात होती. भरती जॉबरच्या हाती असे आणि नवा माणूस लावताना त्याला दस्तुरी मिळे. गैरहजरांच्या जागा भरण्यासाठी रोज सकाळी बदली कामगार फाटकाशी उभे असत. कुणाला काम मिळे, कुणी रिकाम्या हाती परते. अशा माणसाला एका यंत्रावर हात बसवण्याची संधी कशी मिळावी?

१९२८ च्या प्रदीर्घ संपात एका विणकराने जास्त माग चालवण्याचा प्रश्न ऐरणीवर आला. बदलीची शिस्त लावण्याचा प्रयत्न मात्र मालकसंघाने १९३५ च्या सुमारास केला, म्हणजे प्लेगनंतर जवळजवळ चाळीस वर्षांनी.